पांढरीवरचे आबा

ती घटना आठवली की अजूनही अंगावर काटा येतो, आणि मी काही सावलीला भिणारा माणूस नव्हे. नोकरीत विहिरीतून प्रेतं काढली, रुळांवरून गोळा केली आणि घरी येऊन पोटभर जेवलो. पण इनामगावच्या पांढरीवर मी ज्याच्याशी बोललो तो माणूस मेलेला होता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसंच म्हणणं होतं.

नव्वदच्या दशकात मी दौंडला फौजदार होतो. एके सकाळी हजेरी चालू असतानाच एक बाई अर्ज घेऊन आली. तिशीची विधवा. सासर घोड नदीकाठी, इनामगावच्या बाजूला. नवरा गेल्यावर दिरांनी तिला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत टाकलेलं. माहेर आमच्या हद्दीत, खुटबावच्या अलीकडं. आई कधीच गेलेली. वडील, म्हणजे साऱ्या गावाचे आबा, मेंढरं राखता राखता स्वतःच्या हिमतीवर जमीन घेतलेले. विहिरीचं रान तुला, असं ते तिला म्हणत आले होते. आबा वारले आणि भावानं नोंदणी केलेलं मृत्युपत्र पुढं केलं. सगळी जमीन मुलाला. तिनं कोर्टात हरकत घेतली होती. तेवढं रान गेलं असतं तर तिला पाय टेकायला जागा उरत नव्हती.

“सायेब, आबाचं अंग लुळं पडल्यालं. कूस बदलायला मानूस लागायचं,” ती म्हणाली. “त्ये कचेरीची पायरी कसं चढलं?”

प्रश्न रास्त होता. पण रजिस्टर कचेरीतला कारकून ठाम होता. म्हातारा आपल्या पायांनी आला, लाल पटका, खांद्यावर काळी घोंगडी. जमिनीच्या चतुःसीमा तोंडपाठ सांगितल्या, अंगठा दिला आणि गेला. फोटो दाखवला तर म्हणाला, हाच. दोन्ही साक्षीदारांचाही तोच जबाब. भाऊ तर छाती पुढं काढून बोलायचा. मी मृत्युपत्रावरचा अंगठा आणि आबांच्या जुन्या खरेदीखतावरचा अंगठा तुलनेसाठी पुण्याला पाठवले. तिथलं उत्तर येईल तेव्हा खरं!

जाता जाता बाई दारात थांबली. “सायेब, आबा मला दिसत्यात. तिन्हीसांजंला, पांढरीवर. माज्या घराकडं तोंड करून बसत्यात.”

हवालदारानं माझ्याकडं पाहून मान हलवली. बिचारीनं फार मनाला लावून घेतलंय, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

मग वरवंडचा एक मुसलमान व्यापारी आला. आबांकडून वर्षानुवर्षं मेंढरं घेणारा, गडी धिप्पाड, पण तापानं फणफणलेला.

“सायेब, आबाच्या सरनावर लाकूड ठिवलंय म्या. आन् परवा घोडच्या काठानं येतूय, तर पांढरीवर आबा! घोंगडी तीच. माजी बोबडीच वळली. मला म्हनलं, ‘काय दोस्ता, अजून काटा मारतूस का?’”

“मग?”

“मग काय! मोटरसायकल तितंच टाकून पळालो. वजन करताना आबा मला कायम ह्येच इचारायचं, सायेब. कायम.”

एकाला दिसला तर भास म्हणता येतो. दोघांना दिसला म्हणजे तपास आला. हद्द शिरूरची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं आणि हवालदाराला घेऊन निघालो. पांढरी म्हणजे ओसाड गावठाणाचं टेकाड. तिथं मागं खोदकाम झालं तेव्हा घरांच्या जमिनीखाली पुरलेली हजारो वर्षांपूर्वीची माणसं निघाली होती. लेकरं तर मडक्यांत. दिवस कलला की लोक तिकडं फिरकत नसत. हवालदार वाटभर मारुतीचं नाव घेत होता.

तो बसला होता. मी खिशातला फोटो काढून पाहिला. तेच कपाळ, त्याच मिशा, एक खांदा पाडून बसायची तऱ्हासुद्धा तीच. नाव विचारलं. त्यानं आबांचं नाव सांगितलं. गाव सांगितलं.

“वय?”

“मेल्यावर कसलं वय, सायेब?” तो शांतपणे म्हणाला.

खोटं कशाला बोलू, जीपमध्ये बसवताना त्याचा दंड धरला, तो ऊबदार लागला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

ठाण्यात चहा पाजला, गोडीनं विचारलं, दम देऊन विचारलं. दुसरं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. मी आबांच्या मुलाला चौकशीला बोलावलं आणि म्हाताऱ्याला मुद्दाम दारासमोरच्या बाकावर बसवलं. मुलगा आत आला आणि जागच्या जागी पांढराफटक पडला.

“तू? तुला तर म्या सोलापूरच्या गाडीत बसवलं हुतं!”

झालं! पुढं सगळं भडाभडा बाहेर आलं. दौंड स्टेशनच्या फलाटावर हा फिरस्ता त्याला दिसला, हुबेहूब बापासारखा. रात्रीचा गुपचूप घरी आणला, मिशा आबांसारख्या कातरल्या आणि आबांच्या खाटेशेजारी बसवून ठेवला, लकबी आणि तुटकं बोलणं उचलायला. जिवंत बापाच्या उशाशी त्याचाच तोतया! त्या नालायकाला मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. पुण्याहूनही उत्तर आलं. मृत्युपत्रावरचा अंगठा आबांचा नव्हताच. फिरस्त्याचा अंगठा घेऊन ताडून पाहिला, तो जुळला.

“गाडीत बसवलं होतं, मग परत का आलात?” मी म्हाताऱ्याला विचारलं.

“आबानं काम सांगितल्यालं. त्यास्नी समदं उमगलं हुतं, सायेब. जीभ जड, पर मला कळायचं. दिसभर आमी दोगंच की. लेकीला निरोप द्या म्हनलं. रोज जाऊन बसायचो, पर तिच्या दारात जायाचं धाडस हुईना.”

मुलीला बोलावून घेतलं. आधी नीट समजावलं, की हे तुझे वडील नव्हेत. ती हो म्हणून आत आली. तो उठून उभा राहिला आणि तिचा हात आपोआप पदराकडं गेला.

“कोकरा,” तो म्हणाला, “इहिरीचं रान तुजं. म्या अंगठा दिल्याला न्हाई.”

तिला कोकरू म्हणणारा जगात एकच माणूस होता. ती मटकन खाली बसली आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून हवालदार बाहेर निघून गेला. मलाही तिथं उभं राहवेना.

कोर्टात त्या निरोपाला काडीची किंमत नव्हती, ऐकीव गोष्ट. मृत्युपत्र रद्द झालं ते अंगठ्यामुळं. मुलीला वारसाहक्कानं निम्मा हिस्सा मिळाला आणि विहिरीचं रान त्यातच आलं. मुलगा तुरुंगात गेला, म्हातारा माफीचा साक्षीदार झाला. मेलेला माणूस बोलत नाही असं समजू नका, हे वाक्य मी आरोपींना नेहमी ऐकवायचो, नुसता दरारा बसावा म्हणून. त्यानंतर ते माझ्या तोंडून कधी सहज निघालं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही कळत नाही, असं घरचे सांगू लागले की मी आधी त्या माणसाजवळ जाऊन बसायला शिकलो.

म्हाताऱ्याच्या साक्षीचा दिवस मात्र विसरता येत नाही. त्याचं खरं नाव आम्ही मोठ्या मुश्किलीनं शोधून काढलं होतं. शिपायानं पुकारा केला. म्हातारा ढिम्म. पुन्हा पुकारा झाला, तरी तो बाकावर तसाच, जणू कुणा परक्याला बोलावतायत. शेवटी मुलगी त्याच्या कानाशी वाकली.

“आबा, उठा. आपल्याला बोलावत्यात.”

तो लगेच उठला, घोंगडी खांद्यावर सावरली आणि चालू लागला.