गाडी धुतल्याशिवाय घरी नाही

आमच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी रडायला लागलं की भिया हात वर करून आतला आरसा छताकडे वळवायचे. बोलायचे काही नाहीत. मागची वाहनं मग ते बाहेरच्या आरशांत बघत, आणि रडणाऱ्याला आपलं तोंड कोणाला दिसत नाही एवढी खात्री मिळे. पूर, आग, दरड, जिथून म्हणून आमची मदतीची तुकडी इंदूरला परतली, तिथून येताना हा आरसा एकदा तरी वर गेलाच. माझ्यासाठीही गेलाय, दोनदा.

भिया म्हणजे आमचे ड्रायव्हर. वय पंचावन्न, घर महूला, वडील फौजेत हवालदार. वयाने मोठे असले तरी अख्खं ऑफिस त्यांना इंदुरी रिवाजाने भिया, म्हणजे भाऊच म्हणतं. त्यांचे वडील सरावावरून आले की आधी ओट्यावर बसून बूट धुवायचे, मगच उंबरठा ओलांडायचे. तोच नियम भियांनी आमच्यावर लादला होता. कितीही थकलेलो असलो तरी ते कोणाला थेट घरी सोडत नसत. आधी पोलोग्राउंडला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये धुलाईच्या रॅम्पवर गाडी चढवायची, सगळ्यांनी उतरायचं आणि पाइप, ब्रश घेऊन चाकांतला चिखल काढायचा. "अपने को घरी चिखल नाही न्यायचा," हे त्यांचं पालुपद. आम्ही कुरकुरत धुवायचो. डॉक्टरही धुवायचे. धुता धुता कोणीतरी कोणाच्या अंगावर पाणी उडवायचं, दंगा व्हायचा, आणि मग घरी गेल्यावर घरच्यांशी माणसासारखं बोलता यायचं.

तुकडीच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेणं हे कागदोपत्री मात्र माझं काम. पलासियात आमचं ऑफिस, वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास, त्यामुळे मनःशांतीची सत्रं आम्ही बेंच सरकवण्याच्या आवाजात घ्यायचो. मोठ्या ऑफिसातून एक फॉर्म यायचा. त्यात रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, आपल्या चेहऱ्यावर खूण करायची. सगळे चौथ्यावर करायचे, कारण पाचवा खोटा वाटला असता. दर मंगळवारी एक समुपदेशक मुलगी यायची. ती गुणी होती, पण तिच्या समोरच्या खुर्चीत बसलं की आमचे रांगडे गडी "सब बढ़िया" म्हणून मोकळे व्हायचे. खरं ते गाडीत बोलून झालेलं असायचं.

गेल्या पावसाळ्यात नर्मदेकाठच्या गावांत पाणी शिरलं तेव्हा भियांनी एका अडलेल्या बाईला पाण्यातून गाडी काढून दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परत आल्यावर मी हौसेने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि माझं भाषण. माइक हातात आला की मला आवरत नाही. भिया परेडला उभे राहावेत तसे ताठ उभे होते, आणि मला वाटलं, संकोचलेत.

तेव्हापासून त्यांच्या बाजूची काच खालीच राहू लागली. थंडी पडली, धूळ आत येऊ लागली, मागे बसणारे शिंकू लागले, पण काच वर होईना. "अटकते, ताई," एवढंच उत्तर. मी वैतागून गाडी दुरुस्तीला धाडली. मेकॅनिकने हँडल दहा वेळा फिरवून दाखवलं. "मॅडमजी, मक्खन चालतेय. भियांनाच विचारा." मी विचारलं नाही. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मनाशी ठरवलं आणि कानटोपी आणली.

समुपदेशक मुलीने एकदा सहज विचारलं, "सगळे त्या ड्रायव्हरकाकांचं नाव घेतात. त्यांच्याशी बोलले, मग बरं वाटलं म्हणतात. ते स्वतः कोणाशी बोलतात? माझ्याकडे कधीच आले नाहीत." मी लॅपटॉपवर यादी उघडली. त्यात भियांचं नावच नव्हतं. ते कंत्राटी, आणि यादी कायम नोकरीवाल्यांची. यादी मीच केलेली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप मिटून टाकला.

त्याच आठवड्यात, दुपारी, भियांनी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, दुसरा ड्रायव्हर बघून घ्या. आता माझ्याच्याने नाही होत."

"तब्येत?"

"तब्येत एकदम मस्त आहे."

"मग एकदा त्या समुपदेशक मुलीशी बोला तरी."

"मी काय बोलू त्यांच्याशी? समोर बसून बोलायची आदत नाही मला."

ते एकदा महूला जाऊन बसले की परत येणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि ते गेले की आम्ही सगळे आपापला चिखल घेऊन थेट घरी जाणार होतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तुकडीची नाही, त्यांचीच काळजी वाटली. हा माणूस मला फार आवडायचा, आणि तो असा सुकत गेलेला मला कळलाही नव्हता. मी चावी उचलली.

"चला, मी सोडते तुम्हाला घरी."

"तुम्ही?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती दिसली. मी एरवी स्कूटर चालवते. ते गुपचूप मागे जाऊन बसले. "मागे बसलेलं बरं. जीव तर वाचेल."

शहर सुटेपर्यंत त्यांनी माझी शाळा घेतली. "क्लच पे पाय ठेवून नका बसू ताई, प्लेट जल जाएगी." "अरे, तिसरा टाका, तिसरा!" "आईच्यान, गाडी रडतेय." मीही उलट बोलत होते. महूच्या रस्त्याला लागल्यावर मात्र ते गप्प झाले. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता. मी हात वर केला आणि आरसा छताकडे वळवला.

"ताई, त्या दिवशी अजून एक बाई होती," ते म्हणाले. "माझ्या बहिणीच्या उमरची. पाण्यात उभी. खिडकीत हात घालून म्हणाली, मलाही घ्या. मागे ती पोटुशी बाई तडपत होती. पुढे जागा होती, ताई. पण दार उघडलं असतं तर दहा जण चढले असते, गाडी बंद पडली असती. मी तिचा हात काढला अन् काच वर केली. दीड तासाने वापस गेलो. ती तिथे नव्हती."

कोणीतरी नावेतून नेलं असेल, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. इतकी वर्षं त्यांनी तरी आम्हाला असं काही कुठे ऐकवलं होतं?

"सगळे विचारतात, ती तान्ही कशी आहे. हिच्याबद्दल कोण विचारणार? कोणाला मालूमच नाही. अन् तुम्ही शाल घातली."

"मी आधी विचारायला हवं होतं, भिया," मी म्हटलं. पुढच्या वळणावर मी गाडी उलटी फिरवली.

"महू तिकडे आहे, ताई."

"आधी पोलोग्राउंड."

"कालच धुतली मी. साफ आहे."

"असू दे."

रॅम्पवर दोन प्रयत्नांत गाडी चढली. मी पाइप हातात घेऊन त्यांच्या दाराशी उभी राहिले आणि पाणी सोडलं नाही. काच खाली असताना सोडलं असतं तर सगळी सीट भिजली असती. ते बघत राहिले. मग आत हात घालून त्यांनी हँडल धरलं. काच हळूहळू वर आली, पाऊण झाली, आणि चार बोटं उरली असताना थांबली.

"आज इतकीच होते, ताई."

"पुरे," मी म्हटलं आणि पाणी सोडलं. सीट भिजलीच.

महूला दारात उतरल्यावर मी म्हटलं, "मंगळवारी ती समुपदेशक मुलगी येईल. यादीत पहिलं नाव तुमचं."

"समोरासमोर नाही होणार."

"गाडीत बसेल ती. मागे."

त्यांनी थोडा विचार केला आणि चावीसाठी हात पुढे केला. "तुम्हाला वापस कोण सोडणार? तुमच्या हातात मी माझी गाडी देणार नाही."

मी चावी दिली आणि मागे बसले. इंदूरपर्यंत त्या चार बोटांच्या फटीतून गार वारा येत होता. मी ओढणी कानाला गुंडाळली.