काडी चावणारा पाटील

अहेरीपलीकडच्या त्या माडिया गावात मी एक प्रश्न घेऊन गेलो होतो. जंगलातली गावं आपला कारभार कसा चालवतात, याच्या अभ्यासासाठी मला पाठवलं होतं. गावच्या पाटलाला विचारलं, "तुमच्याकडे शेवटचा शब्द कुणाचा?" त्याचं नाव मला कधी कळलं नाही, सगळे पाटीलच म्हणत. त्यानं दातांतली काडी काढली. "मी सांगीन तं ते माहं होईन, भाऊ. गावाले विचारू."

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली गाव बसलं. पाटील कडेला उकिडवा, काडी चावत. मला उत्तर द्यायला सगळे तयार झाले, एक म्हातारी तेवढी अडली. "ह्याले हे काऊन पाहिजे?" मी काहीतरी पुटपुटलो. तिला ते पटलं नाही, तशी बैठक उठली. तिच्यावर कुणी चिडलंही नाही. मला वाटलं, आता परत जावं लागणार.

सकाळी गाव पुन्हा बसलं. या वेळी मी सरळ सांगितलं, "सरकार नव्या पंचायती आणतंय. तुमची आधीपासून आहे हे कुणी लिहिलं नाही, तर इथे काहीच नव्हतं असं धरतील." म्हातारीनं मान हलवली. तेव्हा कुठे पाटलानं काडी फेकली.

"विचार आता. गाव सांगते."

माझ्या प्रश्नाचं उत्तर तर मिळून गेलं होतं. तरी त्यांनी मला महिनाभर ठेवून घेतलं, आंबील पाजली.

पुढे नोकरीत, शहरातल्या बैठकांत मधली खुर्ची माझ्या वाट्याला आली. त्या पाटलाच्या कृपेनं, बोलण्याआधी मी अजून बघतो, कोण गप्प बसलंय.