राजा खाली डोकं वर पाय

माझ्या मामानं संग्रहालयात एकतीस वर्षं काचपेट्या केल्या. बोलणं मोजकं, पण मापाच्या बाबतीत महाहट्टी. केसभर फट राहिली तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. निवृत्तीला आठवडा उरला असताना शेवटचं काम आलं. एक जुनं रोमन नाणं, काशाचं, हिरवं पडलेलं, कोटाच्या बटणाएवढं. एका बाजूला राजाचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला लांडगीण आणि तिला लुचणारी माणसाची दोन लेकरं.

मामानं ते दोन काचांमध्ये उभं बसवलं, म्हणजे लोकांनी मागे जाऊन दुसरी बाजूही बघावी. कडा बंद केल्या, पेटीच्या मागच्या बाजूला गेला आणि कपाळावर हात मारला. लांडगीण खाली डोकं वर पाय. या नाण्यावर एक ठसा सरळ धरला की दुसरा उलटा. जन्मभर मूर्ती आणि तलवारी पेटीत घालणाऱ्याला नाण्याची ही खोड कुठून ठाऊक असणार? राजा सरळ दिसला, तेवढ्यावर तो विसंबला.

मोठे साहेब म्हणाले, "मागे पुठ्ठा लावा. राजा दिसला की झालं."

त्या दिवशी मामा ताटावर नुसता बसून राहिला. आई गेल्यावर मला आणि धाकट्या बहिणीला मामानं या घरात आणलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, ती अंगावर पिणारी. मामीचं स्वतःचं तान्हं होतं. तिनं दोघांना पाजलं.

"ती बाजू मी झाकणार नाही," मामा मला म्हणाला. साहेबांना 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती. मला धास्तीच वाटली.

सकाळी त्यानं कडा उकलल्या आणि नाणं अर्धं फिरवलं. लांडगीण चार पायांवर आली, राजा डोक्यावर.

साहेब भडकले. "अहो, राजा उलटा?"

"साहेब, राजा कधीच मेला," मामा म्हणाला. "लेकरं अजून दूध पितायत. त्यांना उलटं कसं धरू?"

साहेबांनी पेटीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. "राहू दे," ते म्हणाले. "लोक मान वाकडी करतील, पण थांबतील तरी."

निरोपाच्या दिवशी मामानं मामीला पहिल्यांदाच संग्रहालयात आणलं, बरोबर मीही होते. थेट मागच्या बाजूला उभं केलं, हातात भिंग दिलं. मामी बराच वेळ बघत होती. लेकरांबद्दल काही बोलेल असं आम्हाला वाटलं.

"किती वाळलीय ही," ती म्हणाली. "हिला कुणी विचारलं असेल का, तू जेवलीस का म्हणून?"

मामा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

मग मामानं विचारलं. "अहो, हे काय आता," म्हणत मामी हसली, आणि खरं ते सांगून टाकलं. सकाळपासून तिचा नुसता चहा झाला होता.