पुंजाजींची धरेल खुर्ची

थंडी पडली की पुंजाजींच्या मळ्यात वांग्याची रोपं शाली पांघरून बसत. शाली सत्काराच्या. आमच्या नांदुरा तालुक्यात कुठेही कविसंमेलन झाले की पुंजाजींना एक मिळायचीच, आणि दुसऱ्या दिवशी ती वाफ्यावर जायची. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हासू नका गुरुजी. मराठी साहित्यानं कोनाले तरी ऊब देली पायजे ना!"

त्यांची कविता बरी होती. बरी म्हणजे, आमच्या कविमंडळात जे महाकवी समजले जात, त्यांच्यापेक्षा ती लवकर संपायची. त्या कवितेत एक 'सखी' असे. ही सखी म्हणजे त्यांची बायको, कमलबाई. ती कधीही कार्यक्रमाला आली नाही. "माह्या घरी बाराही महिने संमेलनच हाय," ती म्हणायची. "तिथं कायले येऊ?"

तरी पुंजाजी प्रत्येक ठिकाणी आधी पोचून पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर आपला दुपट्टा टाकून ती धरून ठेवत. एकदा प्रमुख पाहुणे मंचावरचे बोलावणे येईपर्यंत तिथेच टेकणार, तेवढ्यात पुंजाजी धावले. "थांबा सायेब! ते खुर्ची धरेल हाय."

"कुणासाठी?"

"जिच्यावर कविता हाय, तिच्यासाठी."

पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले. भाषणात त्यांनी कवींच्या साधेपणाचे कौतुक केले, पण पुंजाजींकडे न पाहता. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, आणि पुंजाजी दुपट्टा झटकून सायकलकडे गेले.

मग आमच्या मंडळाला कवी आणि चित्रकार एकत्र आणण्याची कल्पना सुचली. वडनेर भोलजीच्या, म्हणजे पुंजाजींच्याच गावच्या स्टँडची भिंत ठरली. ओळी गावच्या कवीच्या, रंग पुण्याहून आलेल्या तरुण चित्रकाराचे. पुंजाजींनी त्याला फोनवर ओळी सांगितल्या:

दिवा लावला, वाट माही पाह्यली दारात राहून,
मी आलो ना सखे आता, तरी उभी काऊन?

'काऊन' म्हणजे का. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळते, पण चित्रकार पुण्याचा. त्याने तो शब्द शुद्ध करून घेतला. उद्घाटनाला पडदा सरकला, तेव्हा भिंतीवर वेलबुट्टीसह झळकत होते: 'मी आलो ना सखे आता, तरी उभी कावून.' प्रश्नचिन्हाच्या जागी एक मोगरा काढला होता.

म्हणजे नवरा घरी आला, तरी बायको चिडलेलीच.

सगळा स्टँड हसला. "पुंजाजी, घरचं भांडन भितीवर काऊन आनलं बे?" कोणीतरी ओरडले. पुंजाजींचा चेहरा पडला. चित्रकार बिचारा ब्रश शोधू लागला. बातमी मात्र ब्रश सापडण्याआधीच पुंजाजींच्या घरी पोचली होती. थोड्याच वेळात कमलबाई पिठाच्या हातांनीच गर्दीतून पुढे आली. भिंतीसमोर उभी राहून तिने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग तोंडाला पदर लावून ती हसत सुटली.

"इतक्या वर्सात यायनं एक गोष्ट खरी लिवली," ती म्हणाली. आणि पहिल्या रांगेत पुंजाजींनी नेहमीसारखा टाकलेला दुपट्टा उचलून मांडीवर घेत त्या खुर्चीत बसली.

चित्रकाराने ब्रश बुडवला होता. पुंजाजींनी त्याचा हात धरला. "राहू दे भाऊ."

"पण काका, चूक आहे ती."

"मले मालूम हाय. बरोबर होतं तवा ते कदीच आली नाही."

त्या दिवशी त्यांनी लागोपाठ चार कविता म्हटल्या. कमलबाई मधे दोनदा जांभई देऊनही उठली नाही.

पुंजाजी आता नाहीत. त्यांच्या शोकसभेला कमलबाई सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्चीवर तो दुपट्टा होता. वक्ते म्हणून आलेले मोठे साहित्यिक तिथेच बसायला वाकले.

"थांबा सायेब," ती म्हणाली. "ते खुर्ची धरेल हाय."

कुणासाठी, हे त्यांनी विचारले नाही. ते दुसऱ्या रांगेत बसले.