वाफ्याला मच्छरदाणी

आमचे मामा शिंपी. चाळीस वर्षं शाळेच्या मुलांच्या चड्ड्या शिवल्या आणि आपल्या हातची शिवण कधी उसवली नाही, हे ते कुणालाही पाच मिनिटांत ऐकवतात. दुकान बंद केल्यावर मात्र त्यांना काम उरलं नाही. मामीच्या मागे मागे फिरायचं, डबे उघडून बघायचे आणि बोलणी खायची, एवढाच उद्योग.

मामीकडे काड्यापेटीत काकडीच्या सहा बिया होत्या. तिच्या आईच्या वेलाच्या. आई गेली, ते घर विकलं गेलं, वेलही गेला, राहिल्या एवढ्याच. आधी पेरलेल्या चार बिया शेजारच्या कोंबड्यांनी उकरून खाल्ल्या, तेव्हा मामी दोन दिवस धड जेवली नव्हती. आता या सहा पेरायच्या होत्या; त्याही गेल्या की संपलं.

"मी करतो बंदोबस्त," मामा म्हणाले. मामीने कपाळाला हात लावला.

जाळी विकत आणायची मामांची तयारी नव्हती. त्यांनी पलंगावरची जुनी मच्छरदाणी काठ्यांसकट उचलून परसात नेली. कानावर पेन्सिल ठेवून वाफ्याचं रीतसर माप घेतलं. चार कोपऱ्यांत काठ्या रोवल्या, त्यांना वरून झाडूचे दांडे बांधले, भोकांना ठिगळं लावली, खालची कड दुहेरी शिवून तिच्यात वाळू भरली. पाण्याच्या नळीपुरतं भोक ठेवलं, तर त्यावरही बटणाची झडप. खर्च शून्य. घरात डास आम्हाला फोडून काढत होते, पण वाफ्यात एक शिरत नव्हता.

कोंबड्या आल्या, चोची मारल्या, निघून गेल्या. मामांची छाती फुगली. वेल वर चढले, फुलं आली, मामीने मला हाताला धरून दाखवायला नेलं.

आणि मग फुलामागच्या बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. रोज एकदोन. मामीने खत घातलं, पाणी कमी केलं, मामांना बोल लावले, काही उपयोग झाला नाही. एका सकाळी ती वाफ्यापाशी तोंड पाडून बसली होती. एक मधमाशी जाळीभोवती घिरट्या घालत होती. तीन फेऱ्या मारून कंटाळून गेली.

"अहो, हिने आत जायचं कुठून?"

"जाऊ नये म्हणूनच तर शिवलीय," मामा ऐटीत म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. फूल तसंच राहिलं तर काकडी कशी धरणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

ते आत गेले, कात्री घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने शिवण उसवायला बसले. मला खरंच वाईट वाटलं. पुढच्या बाजूला त्यांनी काजं-बटणं लावून पडदा केला. तो रोज सकाळी उघडायचा आणि दुपारपर्यंत मामा काठी घेऊन समोर स्टुलावर बसायचे. कोंबडी दिसली की हाकलायचे. माशी फुलावर बसली की आम्हाला दटावायचे, "हळू बोला, गिऱ्हाईक आलंय."

काकड्या धरल्या. त्यातली सगळ्यांत मोठी मामीने बियांसाठी वेलावरच पिकू दिली. पुढे ती कापली, बिया धुऊन कागदावर वाळवल्या आणि त्यांच्याकडे बघत चांगली मनसोक्त रडली. मग पुडी बांधून तिने मामांच्या हातात दिली. ज्या माणसाला तिने कधी मिठाचा डबा सांभाळायला दिला नव्हता, त्याला म्हणाली, "तुमच्याजवळ ठेवा."

मामांनी पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली, सुईत दोरा ओवला आणि खिसा वरून शिवून टाकला.