'पर्यंत' म्हणजे टिल की बाय?

'टिल मंडे' असं मुलाखतीत ठणकावून सांगून मी हाताशी आलेली नोकरी घालवली होती. आज नातवंडं हसतात, पण कान माझेच तापतात. अंधेरीतल्या एका औषध कंपनीत टायपिस्टची जागा होती. साहेबांनी विचारलं, कधी येऊ शकाल? मला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत येते. मराठीत 'पर्यंत' एकच. इंग्रजीत मात्र उशिरात उशिरा सोमवारी हजर व्हायचं तर 'बाय', आणि सोमवार आला की थांबायचं तर 'टिल'. हे शहाणपण नंतरचं. तेव्हा ही ठमाबाई वॉयलची नवी साडी नेसून, मान ताठ करून म्हणाली, 'आय विल कम टु वर्क टिल मंडे, सर.'

'अँड आफ्टर मंडे?'

'आफ्टर मंडे, नो प्रॉब्लेम, सर!'

साहेब हसले. मला वाटलं, खूश झाले! इंग्रजी पत्रं टाइप करायला त्यांनी दुसरी मुलगी घेतली.

हेच वाक्य आदल्या संध्याकाळी मी सुलभावन्संना तीनदा म्हणून दाखवलं होतं. माझ्या या थोरल्या नणंदबाई मुलुंडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. 'छान आहे गं, असंच म्हण,' म्हणाल्या आणि मी केलेला चहा प्यायल्या.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. निवडून झाली, मगच उठले. शोकसभेत जुने विद्यार्थी गहिवरून सांगत होते, बाईंच्या कानातून चूक सुटायची नाही... खरं आहे, फक्त माझी तेवढी सुटली.

पुढे प्रत्येक हळदीकुंकवाला त्यांनी तो किस्सा साभिनय सांगितला. 'शोभा, जेवायला किती वाजता येतेस? बाय एट की टिल एट?' बायका खिदळायच्या. मी मूर्खही हसायचे, वर सगळ्यांना आग्रहाने पोहे वाढायचे. मुलाखतीच्या आधीच सासूबाई अर्धांगाने पडल्या होत्या. नोकरी लागली की दिवसा त्यांच्यापाशी बाई ठेवायची, असं मी मनाशीच ठरवलं होतं. नोकरी गेली, बाई ठेवणंही राहून गेलं, आणि आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत त्यांचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन माझ्याकडे आलं... त्या असेतो. वन्सं रविवारी यायच्या, आईचा हात हातात घेऊन उसासे टाकायच्या आणि ऊन उतरलं की निघायच्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्या होत्या तेव्हा कुणी बोलू दिलं?

दिवाळीनंतर त्यांना शेवटचं भेटले. अंथरुणाला खिळल्या होत्या, डोकं मात्र लख्ख. मनीषा दूध आणायला खाली उतरली, तसं मी विचारलं, 'वन्सं, तुमच्यासमोर तीनदा म्हटलं होतं मी ते वाक्य. एकदाही कानाला खटकलं नाही?'

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

'पहिल्या खेपेलाच खटकलं. पण तू नोकरीला लागली असतीस, तर आईसाठी मला माझी सोडावी लागली असती.'