मी फेकायला लावलेली प्लेट

"थांबा, आदी बगू द्या," असं म्हणत काकी चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि सूक्ष्मदर्शकावर वाकायच्या. आमच्या खारघरच्या प्रयोगशाळेत मिलीमीटरभर लांबीचे कृमी प्लेटमध्ये वाढवले जात. त्यांची देखभाल काकींकडे होती. शिक्षण बारावी, गाव खाडीकाठचं. कृमींना त्या 'पोरं' म्हणत.

तुमच्या-माझ्या मज्जापेशींच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात. पिशवी पेशीच्या कडेला टेकली म्हणजे झालं, असं नाही. तिथे एक प्रथिन दुसऱ्या, मिटलेल्या प्रथिनाला उघडतं. मग प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंफले जातात आणि पिशवी रिकामी व्हायला सज्ज होते. आमच्या काही कृमींत ते पहिलं प्रथिनच नव्हतं. स्नायूंपर्यंत निरोपच पोचत नसे, म्हणून ते लुळे पडून असत. नव्या विद्यार्थ्यांना मी हे तासभर समजावायचो. काकी एका दमात उरकायच्या : "पिशवी हाय, पन तयारीच नाय. कसा हालंल बिचारा?"

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सर, लुळ्यांतला एक चालतोय."

"दुसऱ्या प्लेटमधला शिरला असेल. फेकून द्या."

"मी सकालपासून बगतेय. चाल येगली हाय त्याची. धडधाकट पोरांसारखी नाय."

मला मीटिंगला जायचं होतं. "काकी, प्लेट सांभाळणं तुमचं काम. विज्ञान आमच्यावर सोडा."

विद्यार्थी हसले. मीही हसलो. काकींनी प्लेट निमूटपणे कचऱ्याच्या पिशवीत टाकली. त्यानंतर त्यांनी मला काही दाखवायला कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं आणि त्या प्रयोगशाळा सोडून गेल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसाठी समोसे त्यांनीच आणले होते.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या प्लेटमध्ये तसाच एक लुळा कृमी सरपटू लागला. या वेळी आम्ही तपासलं. त्याच्यातलं दुसरं प्रथिन बदललं होतं. ते आधीपासून उघडंच राहायचं. पहिल्यावाचून थोडंफार भागत होतं. चाल मंद होती, अडखळती.

त्याच आठवड्यात मी काकींच्या गावी गेलो. दारात त्यांचे यजमान भेटले. काकी वारल्याला चार महिने झाले होते. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या प्लेटबद्दल काकी बरोबर होत्या, चूक माझी होती, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "बोललेली ती मना, त्या प्लेटचं. त्या दिवशी जेवली नाय."

आणि त्यांनी मला बसायला खुर्ची पुढे केली.